पोटातलं तेल

मित्रांनो, आधी जरा लांब उभे राहा. माझा सायलेन्सर अजून गरम आहे, आणि एकदा पोळलं की नुसती फुंकर मारून भागत नाही. हं, तिथे, नारळाच्या आळ्याजवळ बसा. तिथून माझं बोलणंही ऐकू येईल आणि तुमच्या आयांच्या जिवाला घोर लागणार नाही.

मी एक जुनी मोटारसायकल आहे. किती जुनी म्हणाल, तर बाळकुममधल्या या घरासमोर जे उंच टॉवर उभे आहेत ना, त्यांच्या जागी भाताची खाचरं होती आणि खाचरांच्या पलीकडे खाडीचं पाणी चमकताना दिसायचं, तेव्हाची. आता पाणी दिसत नाही. वाऱ्याला खारट वास आला की ते अजून आहे एवढं कळतं.

माझा जन्म दूर दक्षिणेत, समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतला आणि तो थंड होताना माझं पोट तयार झालं. मग कुणी माझे दात कातले, कुणी चाकांच्या तारा ताणल्या. सगळ्यात शेवटी एक किडकिडीत माणूस ब्रश घेऊन माझ्या टाकीपाशी आला. त्यानं श्वास रोखला आणि टाकीवर एक सोनेरी रेघ ओढायला घेतली. रेघ इकडून तिकडे पोचेपर्यंत त्यानं तो श्वास सोडला नाही. पट्टी नाही, खूण नाही, नुसता हात. तशी सरळ रेघ मी पुन्हा कुठेही पाहिली नाही. माणसांच्या हातांचं नवल वाटायला लागलं ते तेव्हापासून.

पण मित्रांनो, रंग, रेघा, चकाकी हे सगळं बाहेरचं. मी जगते ती पोटातल्या तेलावर. तुम्ही म्हणाल, मोटारसायकल तर पेट्रोलवर चालते. खरंय. पेट्रोल मला पळवतं, आणि तेल मला वाचवतं. माझ्या आत लोखंडावर लोखंड इतक्या वेगानं घासतं, की मध्ये तेलाचा पापुद्रा नसेल तर दोन्ही तुकडे तापून एकमेकांना घट्ट धरून बसतील. म्हणून माझ्या पोटात तेलाची एक कोठी आहे आणि तिला दोन छोटे पंप. एक पंप कोठीतलं तेल उचलून गाळणीतून सगळ्या सांध्यांना पाठवतो. काम करून ते तेल तळाशी गळतं, ते दुसरा पंप उपसून पुन्हा कोठीत आणतो. मी चालू असेपर्यंत हे अखंड चालतं. अंगठ्याएवढे पंप ते! माझं मलाच कौतुक वाटायचं.

मला ठाण्यात आणलं मॉरिस यांनी. तेव्हा ते तरणेबांड होते, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. त्यांच्या हाताला लोखंडाच्या किसाचा वास यायचा, म्हणून ते मला परके वाटलेच नाहीत. सकाळी त्यांना घेऊन निघायचं, संध्याकाळी परत यायचं. पुढे अ‍ॅग्नेस या घरात लग्न होऊन आल्या आणि रविवारी माझ्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय टाकून बसायला लागल्या.

या सगळ्यांत माझा मोठा दिवस म्हणजे आगेरा. आगेरा हा इथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचा नव्या भाताचा सण. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेतातल्या पहिल्या लोंब्या कापायच्या, त्यांची जुडी बांधायची आणि चर्चमध्ये नेऊन फादरकडून आशीर्वाद घ्यायचा. त्याआधी घरात नवा तांदूळ शिजत नाही. मॉरिस ती जुडी माझ्या हेडलाइटवर बांधायचे. बाकीचे लोक वाजतगाजत चालत यायचे आणि मी सगळ्यांच्या पुढे, हळूहळू, धक् धक् करत. लोक म्हणायचे, "आली रे, मॉरिसची गाडी आली." हार घातलेली वरातीची घोडी असते ना, तशी मी मिरवायचे.

मग खाचरं विकली गेली. कारखाना बंद झाला. टॉवर उभे राहिले. पण अ‍ॅग्नेसनी हट्ट सोडला नाही. त्यांनी निळे प्लास्टिकचे ड्रम मधोमध कापून घेतले, त्यांत चिखल भरला आणि मागच्या अंगणात भात लावला. आजूबाजूच्या नव्या लोकांना वाटतं, बाईंनी शोभेचं गवत लावलंय. त्या ड्रमातून एक जुडी निघते, जेमतेम मुठीएवढी. पण निघते.

आता ब्रेंडाबद्दल सांगते, कारण माझी गोष्ट खरी तिच्याभोवती फिरते.

ब्रेंडा ही मॉरिस-अ‍ॅग्नेसची सून, त्यांचा मुलगा मेलरॉय याची बायको. कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकलेली. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचाही विचार करायची तिला तिथे सवय लागली. लग्नाआधी ती आणि मेलरॉय एकदा मला घेऊन भिवंडीच्या बाजूला निघाले होते. टळटळीत दुपार होती. माझे पंप तोवर झिजून गेले होते, पण बाहेरून कुणाला काय कळणार? कशेळीच्या पुलाजवळ मेलरॉयनं वेग वाढवला. मी तेल मागत राहिले आणि ते वेळेवर पोचलं नाही. पोटात लोखंडानं लोखंडाला धरलं. माझं मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि आम्ही तिघंही डांबरावर घसरत गेलो. मागून डंपर येत होता. त्यानं ब्रेक लावला, म्हणून आज ही गोष्ट सांगते आहे.

ब्रेंडाचा गुडघा फुटला. मेलरॉयचं कोपर. जखमा भरल्या, पण ब्रेंडाचे कान तेव्हापासून मिटले नाहीत. पंखा जरा वेगळा फिरला की ती वर बघते. कुकरची शिट्टी उशिरा झाली की उठून जाते. आणि रेनीचा जन्म झाल्यापासून तर विचारू नका. बाळाच्या श्वासात जराशी घरघर आली, तरी ती बाजूच्या खोलीतून येऊन उभी.

माझं अडकलेलं इंजिन नंतर मोकळं केलं, पण पंप तेच राहिले आणि मला कुणी रस्त्यावर नेलं नाही. पडवीत उभी करून माझ्यावर जुनी चादर टाकली. टॉवरच्या बांधकामाची धूळ त्या चादरीवर साचायची. मॉरिस रोज येऊन माझी टाकी फडक्यानं पुसायचे आणि आत जायचे. कुणाला दोष नाही देत मी. पण चालणाऱ्याला नुसतं पुसत बसलं, की त्याला फार एकटं वाटतं.

यंदा पावसाळा ओसरला आणि ड्रमांत लोंब्या धरल्या, तेव्हा मॉरिस जेवताना म्हणाले, "यंदाची जुडी गाडीवर न्यायची. रेनीचा पयला आगेरा हाय."

खिडकी पडवीतच उघडते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. मग ब्रेंडाचा आवाज आला.

"पपा, कुठल्या गाडीवर?"

"आपली कंची हाय?"

"त्या गाडीनं आम्हाला कशेळीला पाडलंय, पपा."

मेलरॉयनं हळूच सांगितलं, घोडबंदर रोडवर एक नवं हॉटेल उघडतंय, त्याच्या मालकाला जुनी मोटारसायकल हवी आहे. भिंतीवर लावायला. तो माणूस येऊन मला बघूनही गेला होता. "आतलं सगळं काढून टाकू," असं तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला होता, "वजन कमी झालं की बोल्टवर मस्त बसते." मित्रांनो, पोटातलं सगळं काढून, कोरडं करून, लोकांच्या जेवणाच्या टेबलांसमोर आपल्याला टांगणार, हे ऐकल्यावर कसं वाटत असेल, विचार करा.

ब्रेंडा उठून खिडकीत आली. कडेवर रेनी. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही. आजारी माणसाकडे बघतात ना, तसं.

"ही का थांबली त्या दिवशी, ते मला कळलं पाहिजे," ती म्हणाली. "कळलं आणि दुरुस्त झालं, तर न्या. नाही तर हॉटेलवाल्याला हो सांगा. आगेऱ्याच्या आत काय ते ठरवा."

अशी माझी परीक्षा ठरली. आणि माझ्यापेक्षा मॉरिसची. मी भिंतीवर गेले असते, पण ते कुठे गेले असते?

वर्तकनगरचा संदेश माझ्यासारख्या म्हाताऱ्या गाड्यांचा डॉक्टर आहे. तोंडाची टकळी सतत चालू. तो आला, गुडघ्यावर बसला आणि माझ्या उजव्या कुशीवरचं झाकण उघडलं.

"अंकल, काय खजिना सांभाळलाय! नुसती टाकी पुसताय होय? आत बघा, पंपाचे दात गेलेत पार. म्हातारीला कवळी बसवायला लागणार."

"मोठे पंप मिळतात ना आता?" मॉरिसनी विचारलं.

"मिळतात ना. याच जागी बसतात, पण तेल जास्त उचलतात. आणि ही गाळणी फेकू. नवीन बारीक गाळणी लावू. कचराच जाणार नाही पुढे."

ब्रेंडा पायरीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "पण दादा, तेल वर पोचतंय की नाही, ते बाहेरून कसं कळणार?"

"वहिनी, टेन्शन नका घेऊ. पोचतं ते."

"पोचतं म्हणजे काय? मला बघायचंय."

संदेश हसला. मग हसायचा थांबला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "दाखवू. ते पण दाखवू."

माझं पोट पहिल्यांदाच इतकं उघडं पडलं होतं. जुनी गाळणी बाहेर आली, काळ्या चिखलानं भरलेली. त्यात धातूची चमचमती पूड होती. मॉरिसनी ती बोटावर घेतली, उन्हात धरली. "ही तिचीच झीज हाय," ते म्हणाले आणि बोट पुसायचं विसरून गेले. मग त्यांनी नवे पंप हातात घेतले. लेथवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी पंपाच्या दांड्याला अंगठा लावून तो हळूच फिरवला, कानाशी नेला आणि डोळे मिटले. "लोण्यावानी फिरतंय गो," त्यांनी आतल्या अ‍ॅग्नेसना हाक मारून सांगितलं. आतून उत्तर आलं, "मंग आता त्यालाच घेऊन झोपा!"

पंप बसले. गाळणी बसली. झाकण लावायच्या आधी संदेशनं गाळणीची जागा तेलानं काठोकाठ भरली. रिकामी ठेवली तर सुरुवातीला पंप नुसती हवा ओढत बसतो, म्हणून. मग माझ्या डोक्याकडे जाणारी लोखंडी नळी त्यानं काढली आणि तिच्या जागी तात्पुरती एक पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडली.

"या वहिनी. बसा इथे. आता तुमचा पिक्चर चालू."

स्पार्क प्लग काढून ठेवला होता, म्हणजे मी चालू होणार नव्हते, नुसती फिरणार होते. मेलरॉय किक मारायला लागला. नळी रिकामीच. पुन्हा किक. रिकामीच. मेलरॉयच्या कपाळावरून घाम गळायला लागला. अ‍ॅग्नेस हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. संदेशची टकळीसुद्धा बंद झाली.

आणि मग नळीच्या तळाशी मधासारखं काहीतरी दिसलं.

किक बसली की ते बोटभर वर यायचं. किक संपली की तिथेच थबकायचं. पुन्हा वर. पुन्हा थबकायचं. उन्हाची तिरीप नेमकी त्या नळीवर पडली होती आणि आतलं तेल सोन्यासारखं दिसत होतं. मित्रांनो, इतकी वर्षं हे माझ्या पोटात चाललं होतं आणि मी स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं! आपल्याच आत एवढं सुंदर काही चालतं, हे कुणाला माहीत असतं?

ब्रेंडानं तोंडावर हात ठेवला होता. तेल नळीच्या टोकाला पोचलं आणि माझ्या माथ्यात शिरलं, तेव्हा ती फक्त मेलरॉयला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "मेल, रेनीचा पहिला ठोका. सोनोग्राफीच्या पडद्यावर. असाच होता रे."

मेलरॉयचा पाय किकवरच राहिला. मॉरिसनी डोक्यावरची टोपी काढली होती, चर्चमध्ये शिरताना काढतात तशी. त्यांना ते कळलंही नसावं.

संदेशनं लोखंडी नळी परत बसवली, प्लग लावला आणि मी चालू झाले. आवाज असा की पडवीतली कबुतरं उडाली. धूर नाही, खडखड नाही. ब्रेंडानं एवढंच म्हटलं, "आगेऱ्याला न्या, पपा." मॉरिस आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

गोष्ट इथे संपली असती, तर किती बरं झालं असतं. पण हे घर प्रेमळ माणसांचं आहे, आणि प्रेमळ माणसांच्या घरात गोष्टी इतक्या सरळ होत नाहीत.

आगेऱ्याला अजून दिवस होते. तोवर मला उगाच बाहेर काढायचं नाही, असं ठरलं. मी पडवीत उभी. सकाळी मॉरिस यायचे, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढायचे, बघायचे आणि पुटपुटायचे, "अरे, कमी दिसतंय." मग डबा काढून थोडं तेल घालायचे. दुपारी सगळे झोपले की अ‍ॅग्नेस यायच्या. त्यांना वाटायचं, नवऱ्याला आता चष्म्यातूनही नीट दिसत नाही. त्यासुद्धा पट्टी बघायच्या आणि पदराआड हसत थोडं ओतायच्या. संध्याकाळी मेलरॉय ऑफिसातून यायचा, बूट काढायच्या आधी पट्टी ओढायचा. तोही थोडं घालायचा. कशेळीची भीती त्याच्याही मनात होतीच ना. आणि कुणीच कुणाला सांगत नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की लक्ष फक्त आपलंच आहे.

मी ओरडून सांगणार कशी? मोठ्यांना माझा आवाज ऐकू येतो तो किक बसल्यावरच.

सणाच्या आदल्या शुक्रवारी मेलरॉयनं मला चालू करून बघायचं ठरवलं. मी चालू झाले आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचा असा लोट निघाला की समोरच्या टॉवरचा वॉचमन शिट्टी वाजवत धावत आला. हवा सोडायच्या नळीतून तेल भळाभळा बाहेर पडलं. अ‍ॅग्नेसनी सणासाठी धुतलेल्या लाद्यांवर मोठं तळं झालं. मी दोनदा आचके दिले आणि बंद पडले.

मेलरॉयनं संदेशला फोन लावला. "भाई, तुझे पंप गेले. सगळं तेल बाहेर आलंय." पलीकडून संदेशचा आवाज मलाही ऐकू येत होता. "असं कसं होईल बॉस? मी हातातलं काम आटपून येतो, हात लावू नका."

ब्रेंडा दारात उभी होती. कडेवर रेनी, आणि रेनीनंही नेमकं तेव्हाच तिच्या खांद्यावर उलटी केली. आठवडाभर तिचं हे चाललं होतं.

"मेल, हॉटेलवाल्याला फोन कर," ब्रेंडा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच सगळे घाबरले. "उद्या टेम्पो पाठवा म्हणावं. आणि मला आधी हिला डॉक्टरकडे घेऊन जायचंय."

मॉरिस माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. खाली बसले आणि फडक्यानं लादीवरचं तेल टिपायला लागले. पुसत राहिले, पुसत राहिले. मला वाटलं, आता एवढंच. आता भिंत.

डॉक्टरकडून ब्रेंडा परत आली ती वेगळ्याच चेहऱ्यानं. रिक्षातून उतरली आणि घरात न जाता पडवीतच थांबली.

"डॉक्टर काय म्हणतात गो?" अ‍ॅग्नेस धावत आल्या.

"बाळ ठणठणीत आहे म्हणाल्या. मला विचारलं, दिवसातून भरवता किती वेळा, आणि कोण कोण?" ब्रेंडा सासूकडे बघत होती. "मम्मी, माझं दूध पिऊन झाल्यावर तुम्ही पेज भरवता?"

"लहानसा घास गो. पोर भुकेली दिसते."

"पपा?"

मॉरिसनी खाली पाहिलं. "बिस्कीट. दुधात बुडवून. ती माझ्याकडं बघत बसते ना."

"मेल?"

"केळं," मेलरॉय म्हणाला. "अर्धंच, यार."

ब्रेंडाला हसू येत होतं आणि ते ती आवरत होती. मग तिची नजर माझ्याकडे वळली. माझ्या खालच्या तेलाच्या डागाकडे. हसू हळूहळू मावळलं. तिच्या डोळ्यांत काय झालं ते मी पाहिलं, मित्रांनो. दोन लांबच्या दिव्यांमध्ये एकदम तार जोडली जावी, तसं काहीतरी.

"हिला तेल कोण घालतं?"

मॉरिसनी हातातलं फडकं पाठीमागे नेलं.

"पपा?"

"सकाळी बघतो मी. कमी असतं म्हणून..."

"मम्मी?"

"यांना दिसत नाही गो नीट. मना वाटलं..."

मेलरॉयनं विचारायच्या आधीच हात वर केला.

तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग अ‍ॅग्नेस अशा हसल्या, अशा हसल्या की पायरीवरच बसल्या. "अरे देवा, इचं पण पोट बिघडवलं आपण!"

"पण पट्टी तर कोरडी असायची," मेलरॉय म्हणाला. "खोटं नाही बोलत."

त्यावर मॉरिसच पुढे झाले. कपाळावर हात मारून म्हणाले, "झिरपतं. उभी राहिली का कोठीतलं तेल हळूहळू खाली तळाशी उतरतं. पट्टी कोठीत बुडते, तिला ते दिसणार कसं? चालू केली का पंप ते वर आणतो, मंग बघायचं. मी कामावर जायचो तवा ही रोज चालायची, उतरायला फुरसतच नव्हती. या उभ्या गाडीची सवय नाय मना."

मित्रांनो, तळाचं झाकण उघडलं तेव्हा काय निघालं म्हणून सांगू! एक बादली लावली, ती भरली. संदेश तोवर आला होता, त्यानं दुसरं घमेलं सरकवलं. तेही भरत आलं. अ‍ॅग्नेसनी मासे धुवायची जुनी परात आणली. तेल येतच राहिलं, दाट, सोनेरी, नवंकोरं. संदेश म्हणाला, "आईशप्पथ, पंप बिचारे काय करणार? खाडी उपसायला दोन चमचे दिले तुम्ही." पण बाकी कुणी हसलं नाही. एवढं सगळं तिघांनी, एकमेकांपासून लपवून, माझ्यासाठी ओतलं होतं. मी त्या परातीकडे बघतच राहिले. इतक्या मायेवर कुणी कसं रागवावं? आणि एवढ्या मायेत कुणी कसं जगावं?

प्लग साफ झाला. तेल मापानं घातलं गेलं. मी चालू झाले, धूर थोडा आला आणि विरला. मी नीट तापल्यावर ब्रेंडानं स्वतः पट्टी ओढली. तेल खुणेवर होतं. बरोब्बर. तिनं ती मॉरिसना दाखवली, अ‍ॅग्नेसना दाखवली, मेलरॉयला दाखवली आणि जागेवर ठेवून दिली. मग फोन काढला आणि हॉटेलवाल्याला स्वतःच सांगितलं, "टेम्पो नको पाठवू दादा. गाडी चालू आहे."

रविवारी सकाळी मॉरिसनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. अ‍ॅग्नेसनी ड्रमातल्या लोंब्या कापल्या, मुठीएवढी जुडी लाल दोऱ्यानं माझ्या हेडलाइटवर बांधली. मॉरिस माझ्यावर बसले. तेवढ्यात ब्रेंडा साडी सावरत, हातात दोन हेल्मेट घेऊन बाहेर आली.

"हे तुमचं, पपा. आणि हे माझं."

"तुझं? तू कुठं?"

"मागे बसणार मी."

मेलरॉय म्हणाला, "ब्रेंडा, रिक्षा आहे ना. तुला भीती वाटते तर..."

"वाटते," ब्रेंडा म्हणाली. "म्हणून तर पपांना एकटं नाही पाठवणार. रेनी तुमच्याजवळ, मम्मी. तुम्ही तिघं रिक्षानं या. आणि वाटेत तिला काही भरवू नका."

ती बसली तेव्हा माझ्या स्प्रिंगा किंचित खाली गेल्या. तिचं वजन ते केवढंसं! पण माझ्यावर इतकं जड ओझं कधी कुणी टाकलं नव्हतं. एक हात तिनं मॉरिसच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं सीटखालची माझी चौकट घट्ट पकडली. त्या तळव्यातून ती माझं पोट ऐकत होती.

बाळकुम नाक्यावरून कापूरबावडी, मेट्रोच्या खांबांखालून माजिवड्याचा सिग्नल, मग तलावाजवळचं चर्च. मॉरिस सावकाश चालवत होते. मी एकही चुकीचा आवाज होऊ दिला नाही. आत पंप फिरत होते, तेल वर चढत होतं, उतरत होतं, पुन्हा चढत होतं, आणि मला ते आता माहीत होतं, मी ते पाहिलं होतं. चर्चच्या आवारात लोकांनी मागे वळून पाहिलं. फादरनी लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, त्यातलं थोडं माझ्या तापलेल्या माथ्यावर पडलं आणि चर्र झालं. मॉरिस जुडी दोन्ही हातांत धरून आत गेले. रेनी अ‍ॅग्नेसच्या कडेवरून लोंबीकडे हात पसरत होती.

परतताना ब्रेंडाचा हात पुन्हा माझ्या चौकटीवर आला. माजिवड्यापर्यंत तो तसाच होता, घट्ट. कापूरबावडीला ट्रॅफिक तुंबलं होतं. आम्ही थोडं चाललो, थोडं थांबलो. आणि कधीतरी, नक्की कुठे ते मलाही कळलं नाही, तो हात निघाला. मी घाबरले. माझ्यातून काही आवाज आला का? तर नाही. तिनं तो हात लांब करून रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं होतं.

"पपा, पपा, तिथे थांबवा जरा. कोथिंबीर घ्यायचीय. मम्मी सांगायचं विसरल्या."

मित्रांनो, माझी स्तुती खूप झाली आहे. हार पडलेत, फोटो निघालेत. पण ज्या मुलीचे कान कशेळीपासून मिटले नव्हते, ती माझ्या पाठीवर बसून माझा आवाज ऐकायचा विसरली आणि कोथिंबीर बघायला लागली. याहून मोठा मान कुठल्या यंत्राला मिळाला असेल, मला वाटत नाही.

तेव्हा एवढंच मागते. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल, मशीन असो, झाड असो नाही तर माणूस, तर त्याला नुसतं पुसून उभं ठेवू नका, चालतं ठेवा. आत काय चाललंय ते थांबून, वाकून बघा. आणि माया ओतायच्या आधी, शेजारच्या खोलीतल्याला एकदा विचारा, की तू आज ओतलीस का रे?

चला, आता उठा. सायलेन्सर निवालाय. हात लावून बघा हवं तर.